खूण केल्याशिवाय उघडू नका

(प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात एका मोटार मिस्त्रीने केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. तालुक्याच्या गावी माझे गॅरेज आहे. मोटारी दुरुस्त करणे हा माझा धंदा. माझे हात बघा. कितीही साबण लावला तरी नखांतले काळे जात नाही. अशा माणसाने भाषण ते काय करायचे? पण तुमचे गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, तुम्हांला जे येते तेच सांगा." म्हणून मी तेच सांगणार आहे. मोटारीचे इंजिन वरच्या बाजूने कसे खोलतात, ते सांगतो. आणि ते काम करताना माझ्या हातून एकदा काय घडले, तेही सांगतो. ती गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते. पण ती तुमच्या उपयोगाची आहे.

आधी इंजिनात काय चालते ते समजून घेऊ.

तुमच्यापैकी पुष्कळांनी रात्री शेतात दारे धरली असतील. पाटाचे पाणी आले की एका वाफ्याचे तोंड उघडायचे. वाफा भरला की ते बुजवायचे. मग दुसऱ्याचे उघडायचे. वेळ चुकली तर काय होते? एक वाफा फुटतो आणि दुसरा कोरडा राहतो. होय की नाही?

इंजिनातही असेच दारे धरण्याचे काम चालते. इंजिनात जाड नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या वरखाली होतो. तो पिस्टन. पेट्रोलच्या गाडीत पिस्टनच्या चार खेपा असतात. पहिल्या खेपेला तो खाली जातो आणि हवा व पेट्रोल आत घेतो. दुसऱ्या खेपेला वर येतो आणि ते दाबून धरतो. मग ठिणगी पडते. भडका उडतो. तिसऱ्या खेपेला पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. हीच खेप गाडी ओढते. चौथ्या खेपेला तो वर येतो आणि धूर बाहेर लोटतो. की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता हवा आत यायला दार हवे. धूर बाहेर जायला दुसरे दार हवे. या दारांना वॉल्व्ह म्हणतात. वॉल्व्ह दिसतो अळंबीच्या छत्रीसारखा. बारीक दांडी आणि तिला चपटे डोके.

ही दारे धरतो कोण? एक लोखंडी दांडा धरतो. त्याचे नाव कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा वॉल्व्हला खाली दाबतो. दार उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग ते दार मिटवते. काही इंजिनांत एकच कॅमशाफ्ट असतो. काहींत दोन असतात. एक हवेची दारे सांभाळतो, दुसरा धुराची.

खाली पिस्टनला जोडलेला आणखी एक मोठा दांडा असतो. तो क्रँक. पिस्टनच्या चार खेपा होतात तेव्हा क्रँकच्या दोन फेऱ्या होतात. तेवढ्या वेळात कॅमशाफ्टची एकच फेरी व्हायला हवी. म्हणून कॅमशाफ्टच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. खाली वीस, तर वर चाळीस. क्रँक मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतो, तेव्हा कॅमशाफ्ट १,५०० घेतो. म्हणजे प्रत्येक दार एका सेकंदात पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत पंचवीस वेळा!

खालचा क्रँक आणि वरचे कॅमशाफ्ट यांना जोडून ठेवणारा एक दातेरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. रबराचा पट्टा, पण आत काचेच्या धाग्यांचे दोर असतात. त्यामुळे तो ताणला तरी लांबत नाही. सगळ्या गाड्यांना पट्टा नसतो. काहींना साखळी असते. १९६२ साली पश्चिम जर्मनीत ग्लास कंपनीची १००४ नावाची गाडी निघाली. तिच्यात साखळीऐवजी असा पट्टा होता. १९६६ साली इटलीच्या फियाट कंपनीने दोन कॅमशाफ्ट पट्ट्यावर फिरवणारी गाडी पुढे आणली. आपल्या देशात मारुती ८०० गाडी १९८३ च्या डिसेंबरात लोकांच्या हाती आली. तिच्याही इंजिनात पट्टाच होता. तीन सिलिंडर, एक कॅमशाफ्ट आणि एक पट्टा.

पट्टा आवाज करत नाही. त्याला तेल लागत नाही. हे त्याचे गुण. पण त्याचे आयुष्य ठरलेले असते. कोणाचे ६०,००० किलोमीटर, कोणाचे १ लाख. गाडीच्या पुस्तकात तो आकडा छापलेला असतो. गाडी कमी चालली तरी ठराविक वर्षांनी पट्टा बदलावाच लागतो. कारण रबर नुसते पडूनही म्हातारे होते.

आणि पट्टा तुटला तर? कॅमशाफ्ट जागीच थांबतो. काही दारे उघडी राहतात. पण खाली क्रँक अजून फिरत असतो. पिस्टन जोराने वर येतो आणि उघड्या दारावर आदळतो. पुष्कळ इंजिनांची अशीच घडण असते. मग वॉल्व्ह वाकतात. काही शे रुपयांच्या पट्ट्यापायी हजारो रुपयांचे काम निघते.

आता माझी गोष्ट सांगतो.

वीस-एक वर्षे झाली. मी पोरगेला होतो. उस्तादाच्या हाताखाली काम शिकत होतो. शाळेत मी फारसा गेलोच नव्हतो. सही म्हणून अंगठा. पण हात चलाख होता. आवाज ऐकून बिघाड सांगायचो. म्हणून मला थोडा गर्वही होता.

एके दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस गाडी ओढत घेऊन आला. त्याने कर्ज काढून जुनी गाडी घेतली होती. बाजाराला आणि लग्नकार्याला भाड्याने फिरवायचा. चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट. गाडी घाटात बंद पडली होती. उस्तादाने वरचे झाकण काढून पाहिले. पट्टा तुटलेला. उस्ताद म्हणाला, "दादा, पट्टा कधी बदलला होता?"

तो म्हणाला, "विकणारा म्हणाला, नवाच आहे."

उस्तादाने गाडीच्या खणातले पुस्तक काढले. शेवटच्या पानावर आधीच्या मिस्त्रीने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले होते. पट्टा बदलण्याची वेळ कधीच उलटून गेली होती. पुस्तक सहा महिने त्याच गाडीत होते. त्या माणसाने ते रोज पाहिले असेल. पण त्याला वाचता येत नव्हते.

इंजिन खोलावे लागले. सोळापैकी आठ वॉल्व्ह वाकले होते.

हे काम नीट कसे करायचे, ते आता सांगतो. आमच्या उस्तादाने मला ते चार वेळा सांगितले होते.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची वजा तार सोडावी. गाडी वर उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. खाली पक्के स्टँड लावावे. मग बाहेरचा पट्टा आणि पट्ट्यावरची झाकणे काढावी. प्रत्येक झाकणाचे बोल्ट त्याच्याच डब्यात ठेवावे. कारण बोल्ट दिसायला सारखे, पण लांबी वेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर आत काहीतरी फोडतो.

पट्टा शाबूत असेल तर तो काढण्याआधी इंजिन खुणेवर आणावे लागते. क्रँकला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचे. ज्या बाजूला ते चालताना फिरते, त्याच बाजूला. एक नंबरचा पिस्टन अगदी वर आणायचा. क्रँकच्या पुलीवर खूण असते. कॅमशाफ्टच्या पुल्यांवरही खूण असते. सगळ्या खुणा आपापल्या जागी आल्या पाहिजेत. त्या आल्या की पांढऱ्या रंगाने आपली खूणही वर करावी. कारखान्याची खूण मळाने झाकली जाते. आपली दिसते.

मग पट्टा ताणून धरणारी चकती ढिली करायची आणि पट्टा उतरवायचा. त्याला टेन्शनर म्हणतात. पट्टा उतरल्यावर क्रँक किंवा कॅमशाफ्ट उगाच फिरवायचा नाही. फिरवला तर हातानेसुद्धा वॉल्व्ह पिस्टनवर आपटेल. पुष्कळ मिस्त्री क्रँक पाव फेरी मागे घेतात. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात मग चारही पिस्टन मध्यावर येतात आणि वॉल्व्हना जागा मिळते. पण त्या गाडीचे पुस्तक काय सांगते ते आधी पाहावे.

आता कॅमशाफ्ट. तो इंजिनाच्या डोक्यावर पाळण्यात निजवावा तसा बसवलेला असतो. वरून त्याला टोप्या असतात. एकेका कॅमशाफ्टला चार-पाच टोप्या, आणि प्रत्येक टोपीला दोन बोल्ट. खालून वॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला वर ढकलत असतात. म्हणून एका टोकाचे बोल्ट एकदम काढले तर ते टोक उचलते आणि दांडा मधेच मोडू शकतो. कॅमशाफ्ट ओतीव लोखंडाचा असतो. तो वाकत नाही, कडकन तुटतो. म्हणून सगळे बोल्ट थोडे थोडे ढिले करायचे. टोकाकडून मधे यायचे. अर्धी फेरी या बोल्टाला, अर्धी त्याला. असे दोन-तीन वेळा. घाई नाही.

आणि मुख्य गोष्ट ही. कारखान्यात टोप्या बसवून मग त्यांच्यातून भोक पाडतात. म्हणजे प्रत्येक टोपी तिच्याच जागेपुरती घडलेली असते. या जागेची टोपी त्या जागी चालत नाही. जात्याची एक तळी आणि दुसऱ्या जात्याची वरची पेड असे चालेल का? तसेच हे. म्हणून पुष्कळ इंजिनांत टोप्यांवर अक्षर, आकडा आणि बाण कोरलेला असतो. अक्षर सांगते हवेची बाजू की धुराची. आकडा सांगतो कितवी. बाण सांगतो तोंड कोणीकडे.

टोप्या निघाल्या की कॅमशाफ्ट दोन्ही हातांनी सरळ उचलायचा. खाली वॉल्व्हच्या डोक्यावर लहान वाट्या असतात. आम्ही त्यांना टॅपेट म्हणतो. त्याही ज्या जागेच्या त्याच जागी जायला हव्यात. उस्ताद एका लाकडी फळीवर सोळा घरे आखायचा आणि त्यांवर आकडे घालायचा. एकेका घरात एकेक वाटी.

मग सगळे धुऊन पुसून तपासायचे. उंचवट्यावर खड्डे पडले आहेत का? दांडा जिथे टेकतो तिथे ओरखडे आहेत का? तेलाची बारीक भोके मोकळी आहेत का? उंचवट्याची उंची मापून पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायची. पट्टा नवा घालायचा. टेन्शनर आणि तेलाचे सीलही नवे घालावे. पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरत असेल तर तोही पाहावा. एकदा एवढे खोलल्यावर जुने ठेवण्यात काटकसर नाही.

हे सगळे मला सांगितलेले होते. आता मी काय केले ते ऐका.

नवे वॉल्व्ह बसवून झाले होते. उस्तादाला बाहेरगावी जावे लागले. जाताना तो म्हणाला, "पोरा, टोप्या धुऊन ठेव. बसवू नकोस. मी उद्या येतो." मी दहाच्या दहा टोप्या एका घमेल्यात टाकल्या आणि रॉकेलने स्वच्छ धुतल्या. चकचकीत झाल्या. मग मला वाटले, बसवूनही टाकावे. उस्ताद खूश होईल.

टोप्यांवर काहीतरी कोरलेले होते. ते मला दिसत होते. काहींवर एक उभी काठी होती. काहींवर तीन दातांची फणी होती. मी समजलो, ही कारखान्याची नक्षी आहे. ती उभी काठी म्हणजे इंग्रजीतला आय होता. ती फणी म्हणजे ई होती. आय म्हणजे हवेची बाजू, ई म्हणजे धुराची. इंग्रजी एकचा आकडाही उभ्या काठीसारखाच. मला आकडा आणि अक्षर वेगळे ओळखता येत नव्हते. मग ते वाचणार काय?

टोप्या दिसायला एकसारख्या. बसल्याही. मी बोल्ट आवळले. कॅमशाफ्ट हाताने फिरवून पाहिला. फिरेना. इथे तरी मी थांबायचे होते. मंडळी, हाताने न फिरणारी वस्तू काहीतरी सांगत असते. पण मी पान्याला लांब नळी लावली आणि जोर केला. तो फिरला. कच्चकन आवाज आला. मला वाटले, घट्ट होता, मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी उस्तादाने टोप्या उघडल्या. आतली जागा खरवडून निघाली होती. वरचा भाग अॅल्युमिनियमचा असतो. मऊ असतो. टोप्या वेगळ्या विकत मिळत नाहीत. म्हणजे अख्खे हेड वाया गेले.

उस्तादाने मला मारले नाही. तो खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. ते मला मारापेक्षा जास्त लागले.

जुने हेड शोधायला महिना गेला. अर्धे पैसे उस्तादाने भरले. माझा सहा महिन्यांचा पगार त्यात कापला गेला. गाडीवाल्याची गाडी महिनाभर उभी. कमाई बंद, पण बँकेचा हप्ता काही थांबेना. त्याने घरची दुभती म्हैस विकली. तो हेड घ्यायला आला तेव्हा मी कोपऱ्यात तोंड लपवून उभा होतो. तो माझ्याजवळ आला. मला वाटले, आता शिव्या देणार. पण तो म्हणाला, "पोरा, तुला टोपी वाचता आली नाही. मला पुस्तक वाचता आले नाही. कोणी कोणाला बोलायचे?"

त्या रात्री मी जेवलो नाही.

सकाळी उस्ताद म्हणाला, "संध्याकाळी सातनंतर तुझ्या हातात पाना दिसला तर बघ. रात्रीच्या वर्गाला जायचे." मी गेलो. पहिले दोन महिने फार जड गेले. पाना धरणाऱ्या हाताला पेन्सिल धरवत नाही. बोटे दुखायची. लहान पोरे हसायची. पण मी गेलो. मराठी अक्षरे शिकलो. मग इंग्रजी आकडे आणि अक्षरे शिकलो. आणि वर्गात एक आश्चर्य पाहिले. तो गाडीवालाही मागच्या बाकावर येऊन बसला होता.

पुढे असेच दोन कॅमशाफ्टचे इंजिन आले, तेव्हा उस्ताद बाजूला उभा राहिला. म्हणाला, "वाच." मी एकेक टोपी हातात घेऊन मोठ्याने वाचली. "हवेची एक. हवेची दोन. धुराची एक." त्या क्रमाने फळीवर मांडली. बसवताना दांड्याला तेल लावले. बोल्ट या वेळी मधून टोकाकडे, थोडे थोडे आवळले. ते बोल्ट बारीक असतात. अंगाचा जोर लावला तर आटे निघतात. म्हणून पुस्तकात दिला आहे तेवढाच ताण, टॉर्कच्या पान्याने मोजून दिला. सगळ्या खुणा जुळवल्या. नवा पट्टा चढवला. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवला. दोनच का? कारण क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची एक पुरी होते आणि सगळ्या खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. कुठे अडले नाही. खुणा जुळल्या. मग किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. उस्ताद फक्त म्हणाला, "चहा सांग." पण मला कळले.

आज माझ्या गॅरेजात एक वही आहे. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, काय बदलले, पुढे कधी बदलायचे, सगळे तिच्यात असते. तेच एका चिठ्ठीवर लिहून मी झाकणाच्या आत चिकटवतो. गाडी उद्या दुसऱ्याला विकली तरी चिठ्ठी तिच्याबरोबर जाते. माझ्या हाताखालच्या पोरांना माझा एकच कायदा आहे. खूण केल्याशिवाय उघडायचे नाही, आणि लिहिल्याशिवाय मिटायचे नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे मोटार खोलायची आहे? बरोबर आहे. पण तुमच्या विहिरीवर पंप आहे. घरात शिलाईचे यंत्र असेल. फवारणीचा पंप असेल. तो उघडाल तेव्हा आधी खडूने खूण करा. काढलेले भाग ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. कोरलेला आकडा दिसला तर ती नक्षी समजू नका. तो कोणीतरी तुमच्यासाठीच लिहिलेला असतो. आणि जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर घेताना विकणारा काय म्हणतो ते ऐका, पण पुस्तक मागून घ्या आणि स्वतः वाचा.

तुमच्यात आज कोणी पहिल्या पुस्तकावर असेल, कोणी दुसऱ्या. बोटे दुखत असतील. दुखू द्या. माझीही दुखली.

एवढे बोलून मी बसतो. कोणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारा. राम राम.